पाचवी ते दहावीच्या मुलांसाठी नवीन गोष्टीची पुस्तकं: शोधायची कशी, द्यायची कशी, आणि थेट नावं

एप्रिल लागला की हा प्रश्न हमखास येतो, "सातवीत गेलाय, काहीतरी चांगलं वाचायला सुचव ना", आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं वाक्य ठरलेलं, "आम्ही त्या वयात फास्टर फेणेवर तुटून पडायचो, ह्याने चार पानं वाचून ठेवून दिलं." मग मी विचारते की गेल्या आठ-दहा वर्षांत आलेलं, त्याच्या वयाचं एक तरी पुस्तक घरात आहे का, तर नसतं. भा. रा. भागवत मलाही आवडतात, बन्याचं "ट्टॉक" अजून कानात आहे, पण आपलं बालपण मुलांच्या हातात कोंबायचं आणि त्यांनी ते आनंदाने वाचावं ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये एका कपाटात मुलांची लायब्ररी आहे, ती मी बघते. त्यामुळे कुठलं पुस्तक कोपरे दुमडून, मध्ये चिवड्याचे तेलकट डाग घेऊन परत येतं आणि कुठलं जसंच्या तसं कोरं येतं हे डोळ्यासमोर असतं. त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. मराठीत १० ते १२ वयासाठी आता बरं चाललंय, नवीन कादंबऱ्या येतायत, पण मूल तेराव्यात गेलं की मराठी शेल्फ एकदम रिकामं होतं, तिथे बालसाहित्य संपलेलं असतं आणि मोठ्यांचं अजून झेपत नसतं. मुलं वाचन सोडतात ती बहुतेक ह्याच वळणावर, आणि आपण खापर फोडतो मोबाईलवर. तर हा सगळा लेख त्या वळणाची तयारी आधीपासून कशी करायची ह्याबद्दल आहे, नावांसकट.

पायरी १: मूल कुठल्या भाषेत कुठे आहे ते आधी बघा

मूल कितवीत आहे ह्यावरून पुस्तक ठरवू नका. इंग्लिश मीडियमचा सातवीतला मुलगा इंग्लिश धडाधड वाचतो, घरी मराठी फर्डं बोलतो, पण छापील मराठी वाचायला दिलं की जोडाक्षरांपाशी अडखळतो आणि वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरतो. त्याची समज सातवीची आणि मराठी वाचनाचा वेग तिसरीचा. त्याला तिसरीचं पुस्तक दिलं तर त्याचा अपमान होतो आणि सातवीचं दिलं तर दमछाक. मराठी मीडियमच्या मुलीचं बरोबर उलटं असतं, मराठी कादंबरी दोन दिवसांत संपवते आणि इंग्लिशच्या पहिल्याच पानावर सात शब्द अडतात.

तपासायची पद्धत सोपी आहे. पुस्तकाच्या मधलं कुठलं तरी एक पान मनात वाचायला द्या, मोठ्याने नको, मोठ्याने म्हटलं की लगेच परीक्षा होते. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मोडायला सांगा. पाचही बोटं मोडली तर हे पुस्तक आत्ता नको, सहा महिन्यांनी बघू. एक-दोन मोडली तर बिनधास्त द्या. एकही मोडलं नाही तरी चालतं, सोपं पुस्तक वाचणं हा काही गुन्हा नाही. हे मराठीसाठी वेगळं आणि इंग्लिशसाठी वेगळं करायचं आणि दोन्ही भाषांत वेगवेगळ्या लेव्हलची पुस्तकं घरात ठेवायची. भाऊ-बहिणींना एकमेकांसमोर मात्र करायला लावू नका.

मराठी वाचन फारच अडत असेल तर प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही साइट आहे, फुकट, मराठी गोष्टी भरपूर आणि सोप्या ते अवघड अशा चार पातळ्या. त्यातल्या तिसऱ्या-चौथ्या पातळीच्या गोष्टी दहा वर्षांच्या मुलाला बाळबोध वाटत नाहीत. दुसरा उपाय म्हणजे ऑडिओ लावून समोर पुस्तक उघडं ठेवायचं, कान पुढे जातो आणि डोळा मागोमाग येतो. स्टोरीटेल ह्या ऑडिओबुकच्या ॲपवर मराठी पुष्कळ आहे, फक्त जे ऐकायचंय त्याचं छापील पुस्तक मिळतंय का ते आधी बघा.

पायरी २: लेबलं समजून घ्या, नाहीतर कव्हर फसवतं

इंग्लिश पुस्तकांत दुकानदार आणि प्रकाशक तीन शब्द वापरतात. मिडल ग्रेड म्हणजे साधारण ८ ते १२, यंग अडल्ट म्हणजे १२ ते १८, आणि न्यू अडल्ट म्हणजे कॉलेजच्या पुढचं, ज्यात बेडरूमचे प्रसंग उघड असतात. घोळ कुठे होतो, तर हल्ली मोठ्यांच्या रोमान्सला पण गुलाबी-जांभळं कार्टूनसारखं कव्हर असतं आणि ते दुकानात यंग अडल्टच्या शेजारी मांडलेलं असतं. आपल्याकडे टिकटॉक २०२० पासून बंद आहे, पण तेच सगळं रील्सवरून येतं आणि आठवीतल्या मुली तिथून नाव उचलतात. 'इट एन्ड्स विथ अस' हे ह्याचं ठळक उदाहरण. कव्हरवर फुलं आहेत, पण २०१६ ची ही मोठ्यांसाठीची कादंबरी आहे आणि तिच्यात नवऱ्याकडून होणारी मारहाण आहे. वाईट पुस्तक आहे असं मी म्हणत नाहीये, तेरा वर्षांच्या मुलीसाठी लिहिलेलं नाही एवढंच.

मराठीत अशी लेबलं नाहीतच. 'बाल', 'कुमार', 'किशोर' हे तीन शब्द कोण कशावर छापेल ह्याचा नेम नाही. पाचवीच्या गोष्टींवर 'कुमार कादंबरी' असतं आणि नववीने वाचावं ते पुस्तक मोठ्यांच्या कपाटात असतं. म्हणून मराठीत पाठीमागचा मजकूर न वाचता, थेट तिसरं प्रकरण उघडून दोन पानं वाचा. पहिल्या प्रकरणात सगळेच लेखक नीट वागतात, तिसऱ्यात खरी भाषा कळते. उपदेश चालू झाला असेल, आजोबा झाडाचं महत्त्व समजावून सांगत असतील, तर ठेवून द्या परत.

पायरी ३: शोधायला बक्षिसांच्या याद्या वापरा, पण डोळे उघडे ठेवून

मराठीत नवीन शोधायचं तर मला सगळ्यात कामाची वाटते ती साहित्य अकादमीच्या बालसाहित्य पुरस्काराची यादी. हा पुरस्कार २०१० पासून आहे, प्रत्येक भाषेला दरवर्षी एक. मराठीची अलीकडची नावं बघा: २०१७ ल. म. कडू यांचं 'खारीच्या वाटा', २०१९ सलीम सरदार मुल्ला यांचं 'जंगल खजिन्याचा शोध', २०२० आबा गोविंदा महाजन यांचा 'आबाची गोष्ट' हा कथासंग्रह, २०२१ संजय वाघ यांचं 'जोकर बनला किंगमेकर', २०२२ संगीता बर्वे यांचं 'पियूची वही', २०२४ भारत सासणे यांचं 'समशेर आणि भूतबंगला'. २०२३ आणि २०२५ ला कवितांना मिळालं म्हणून ती इथे घेतली नाहीत. एवढ्या एका यादीत वर्षभराचं वाचन आहे, आणि तरी ही पुस्तकं मराठी घरांत माहीतच नसतात ह्याचं मला दरवेळी नवल वाटतं.

इंग्लिशसाठी अमेरिकेचं न्यूबेरी मेडल (१९२२ पासून) आणि इंग्लंडचं कार्नेगी मेडल (१९३६ पासून). न्यूबेरीचा गोल शिक्का कव्हरवरच असतो, सोनेरी असेल तर मेडल आणि चंदेरी असेल तर ऑनर, म्हणजे उपविजेतं. माझा अनुभव असा की चंदेरीवाली पुस्तकं मुलं जास्त आवडीने वाचतात, सोनेरीवाली कधीकधी परीक्षक मंडळींना जास्त आवडलेली असतात. आणि बक्षीस मिळालेलं प्रत्येक पुस्तक प्रत्येक मुलासाठी नसतं, यादी फक्त शोध कमी करते.

पायरी ४: आता नावं, मुलाच्या तब्येतीप्रमाणे

वयापेक्षा मुलाला कशाची खाज आहे ते बघून वाटणी केलीय.

जो वाचतच नाही, १० ते १२. ह्याला पहिलं पुस्तक असं द्या की दहा मिनिटांत एक प्रकरण संपलं पाहिजे. 'द वाइल्ड रोबो' (पीटर ब्राऊन, २०१६) ह्यासाठी एकदम फिट आहे. निर्जन बेटावर येऊन पडलेली रोझ नावाची रोबो, ती हंसाचं पिल्लू वाढवते, प्रकरणं दोन-तीन पानांची, मध्ये चित्रं, आणि २०२४ ला सिनेमा आलाय त्यामुळे मुलाला नाव आधीच माहीत असतं. सिनेमा आधी बघितला तरी हरकत नाही, उलट वाचायला बळ मिळतं. मराठीत ह्या जागी दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' अजून चालतो, नवीन नाहीये पण प्रकरणं सुटसुटीत आणि बोक्याचे उद्योग कुठल्याही सोसायटीत घडतील असे.

ह्याच मुलांना ग्राफिक नॉवेल पण द्या, आणि "ही काय चित्रांची पुस्तकं" असं म्हणू नका. जेरी क्राफ्टचं 'न्यू किड' हे २०२० चं न्यूबेरी मेडल मिळवणारं पुस्तक, ते मेडल मिळालेलं पहिलंच ग्राफिक नॉवेल. सातवीतला जॉर्डन, त्याला चित्रकलेच्या शाळेत जायचंय आणि आईवडील त्याला श्रीमंतांच्या खाजगी शाळेत घालतात जिथे त्याच्यासारखी कृष्णवर्णीय मुलं मोजकीच आहेत. शिक्षक सारखं त्यांचं नाव चुकवतात हा त्यातला प्रकार आपल्या पुण्या-मुंबईतल्या महागड्या शाळेत गेलेल्या पोरांना काही समजावून सांगावा लागत नाही.

ज्याला रहस्य हवंय. १० ते १३ ला 'समशेर आणि भूतबंगला'. भारत सासणे म्हणजे मोठ्यांच्या कथेतले दबदबा असलेले लेखक, उदगीरच्या ९५व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, आणि एवढा माणूस मुलांसाठी भूतबंगला लिहायला बसतो ह्याचाच मला आनंद आहे. त्यानंतर सत्यजित राय यांचा फेलूदा. अशोक जैन यांनी मराठीत आणलाय, रोहन प्रकाशनाची पुस्तकं आहेत, बारीक आकाराची, एका बैठकीत एक संपतं, आणि भाषांतर आहे असं जाणवतच नाही. १४ च्या पुढे, इंग्लिश नीट येत असेल तर हॉली जॅक्सनचं 'अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर' (२०१९). पिप नावाची मुलगी शाळेच्या प्रोजेक्टसाठी गावातली एक बंद झालेली खुनाची केस परत उकरते, मधेमधे तिच्या नोंदी, मुलाखती, नकाशे, पुस्तक खाली ठेवता येत नाही. पण त्यात ड्रग्ज आहेत आणि लैंगिक अत्याचाराचा धागा आहे, सातवीला देऊ नका, नववीच्या पुढे द्या.

ज्याला फॅन्टसी हवीय आणि हॅरी पॉटर झालंय. हॅरी पॉटर मंजुल प्रकाशनाने मराठीत काढलंय, 'हॅरी पॉटर आणि परीस' पासून सगळे भाग मिळतात, इंग्लिश कच्चं असेल तर तिथून सुरू करा. पुढे काय, तर आपल्या पोरांसाठी माझी पहिली पसंती 'अरु शाह अँड द एन्ड ऑफ टाइम' (रोशनी चोक्शी, २०१८). बारा वर्षांची अरु अटलांटामधल्या एका म्युझियममध्ये आईबरोबर राहते, शाळेतल्या मुलींसमोर शायनिंग मारायला शापित दिवा लावते, सगळं गोठतं, आणि मग कळतं की ती पांडवांपैकी एकाचा पुनर्जन्म आहे. ज्या मुलाने महाभारत आजीकडून ऐकलंय त्याला अमेरिकन मुलापेक्षा ह्यात दुप्पट मजा येते, कारण जोक आधी त्यालाच कळतात. पाच भाग आहेत, म्हणजे अख्खी सुट्टी गेली. जरा सावकाश, सुंदर भाषेतलं हवं असेल तर कॅथरिन रंडेलचं 'इम्पॉसिबल क्रीचर्स' (२०२३), जगापासून लपलेली बेटं आणि तिथे गोष्टीतले सगळे प्राणी जिवंत. इथे इंग्लिश थोडं अवघड आहे, बोटांची टेस्ट आधी करा.

साय-फायवाल्यांसाठी एरिन एन्ट्राडा केलीचं 'द फर्स्ट स्टेट ऑफ बीइंग', २०२५ चं न्यूबेरी मेडल. १९९९ सालातला बारा वर्षांचा मायकल, दोन हजार साल लागलं की कॉम्प्युटर बंद पडून जग कोलमडणार ह्या भीतीने डबे साठवणारा, आणि त्याला भेटतो २१९९ मधून आलेला मुलगा. तुम्ही पण वाचा, वाय-टू-केची भीती आपण प्रत्यक्ष बघितलीय, मुलांशी गप्पा मारायला आयतं निमित्त. मराठीत ह्या कपाटात जयंत नारळीकर अजूनही एकटेच उभे आहेत, 'व्हायरस' आणि 'प्रेषित' आठवीच्या पुढे द्या. नारळीकर २०२५ मध्ये गेले, आणि त्यांच्यानंतर कुमारवयासाठी मराठीत विज्ञानकथा सातत्याने लिहिणारं कोण असं विचारलं तर माझ्याकडे पटकन नाव येत नाही, ही काही बरी गोष्ट नाही.

ज्याला "खरं घडलेलं" हवंय, ११ ते १४. ह्या शेल्फवर जरा थांबते, कारण इथे सध्या सगळ्यात चांगलं लिहिलं जातंय आणि ह्यातलं बरंच आपल्याबद्दल आहे.

सुप्रिया केळकर ह्या मिशिगनमध्ये वाढलेल्या लेखिका, त्यांचं 'अहिंसा' २०१७ चं. १९४२ साल, दहा वर्षांची अंजली, आई ब्रिटिश अधिकाऱ्याकडची नोकरी सोडून चळवळीत उतरते आणि घरातले परदेशी कपडे होळीत जातात, त्यात अंजलीचे लाडके घागरे पण. पुस्तकाचं बीज लेखिकेच्या पणजीच्या आयुष्यात आहे, त्या म्हणजे नागपूरच्या अनसूयाबाई काळे, ज्या पुढे खासदार झाल्या. मला ह्यातलं आवडतं ते असं की आई हिरोईन करून ठेवलेली नाही. ती दलित वस्तीत "मदत" करायला जाते तेव्हा तिचं काय चुकतं ते पण दाखवलंय. अमेरिकेतल्या मराठी घरांत तर हे पुस्तक असायलाच हवं, मराठी मंडळांच्या वाढदिवसांना खेळण्यांऐवजी हे द्या.

वर्षा बजाज यांचं 'थर्स्ट' (२०२२) मुंबईतलं आहे. मिन्नी सातवीत, झोपडपट्टीत राहते, नळाला पाणी कधीतरी येतं, भाऊ पाणीचोरांना बघतो आणि त्याला मुंबईतून पळून जावं लागतं, आई आजारी पडून गावी जाते, मग आईचं काम मिन्नी धरते, उंच टॉवरमध्ये, जिथे नळ उघडला की पाणी येतच राहतं. हे पुस्तक टॉवरमध्ये राहणाऱ्या मुलांना देऊन बघा. आमच्याकडे एका मुलीने ते परत करताना पुस्तकाबद्दल काही न बोलता एवढंच विचारलं, "काकू, आपल्या मावशींकडे पाणी किती वाजता येतं?"

विरा हिरानंदानी यांचं 'द नाइट डायरी' (२०१८, न्यूबेरी ऑनर). १९४७, मीरपूर खास, जुळी भावंडं निशा आणि अमिल. वडील हिंदू डॉक्टर, आई मुसलमान आणि ती कधीच वारलेली, निशा रोज रात्री त्या आईला पत्र लिहिते. फाळणी म्हणजे काय ते इतिहासाच्या पुस्तकात दोन परिच्छेदांत संपतं, इथे ती एका स्वयंपाकघरात शिरते. घरचा खानसामा काझी मुसलमान म्हणून तो मागे राहणार आणि निशा ज्याच्याकडून स्वयंपाक शिकली तोच माणूस तिला सोडावा लागणार. ११ च्या पुढे चालेल, प्रवासात पाण्यावाचून तडफडण्याचा भाग आहे, तो वाचताना जवळपास असा. आवडलं तर अमिलच्या बाजूने सांगितलेला पुढचा भाग 'अमिल अँड द आफ्टर' २०२४ ला आलाय.

पद्मा व्यंकटरामन यांचं 'द ब्रिज होम' (२०१९) चेन्नईतल्या पुलावर राहणाऱ्या चार मुलांचं. फार सुंदर आहे, पण शेवटाकडे एक मृत्यू आहे. आमच्या कपाटापाशी एक सहावीतला मुलगा प्रत्येक पुस्तक घेताना विचारतो, "काकू, ह्यात कोणी मरतं का, आधीच सांगा." मी सांगते. गोष्ट फुटली तरी चालेल, पण नुकतंच घरात कोणी गेलेलं असेल तर त्या मुलाला हा प्रश्न विचारायचा पूर्ण हक्क आहे.

मराठीत ह्या जागी 'खारीच्या वाटा'. धरणाखाली जाणारं गाव एका मुलाच्या नजरेने. शहरातल्या मुलाला पहिली काही पानं जड जातात, शेतीचे आणि रानातले शब्द अडतात, म्हणून सुरुवातीची दोन प्रकरणं तुम्ही वाचून दाखवा, मग ते आपोआप पुढे जातं. 'पियूची वही' त्या मानाने हलकं, मुलीच्या वहीतलं लिखाण, आणि वाचून झाल्यावर मुली स्वतःची वही सुरू करतात, हा त्याचा खरा फायदा.

पायरी ५: तेराव्या वर्षीचा खड्डा

आता येतो मूळ मुद्द्यावर. आठवीच्या मुलाला मराठीत काय द्यायचं? नवीन कुमार कादंबरी शोधत बसलात तर बहुतेक वेळा हात हलवत परत याल. त्यापेक्षा मोठ्यांसाठी लिहिलेली पण शाळकरी मुलाच्या तोंडून सांगितलेली पुस्तकं द्या, आणि ती ह्या क्रमाने.

आधी लंपन. प्रकाश नारायण संतांचं 'वनवास', मग 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर'. आजी-आजोबांकडे राहणारा मुलगा, कानडी वळणाची मराठी, "मॅडसारखं" हा त्याचा शब्द. ह्या सुट्या कथा आहेत त्यामुळे एक वाचून थांबता येतं. २०२४ ला सोनी लिव्हवर सिरीज आलीय, एक एपिसोड एकत्र बघा आणि मग पुस्तक टेबलावर नुसतं ठेवा. काही मुलांना लंपन अजिबात लागत नाही, "ह्यात काही घडतच नाही" म्हणतात, त्यांच्याशी वाद घालू नका, पुढच्याकडे जा.

पुढचं म्हणजे मिलिंद बोकीलांचं 'शाळा' (२००४). नववीतला मुकुंद, आणीबाणीचा काळ, आणि त्याला आवडणारी वर्गातली शिरोडकर. तुम्हाला वाटेल की ह्यात नवीन काय, पण नववीतल्या मुलाच्या डोक्यात काय चालतं ते मराठीत इतकं खरं नंतर फार कमी आलंय. शिव्या आहेत, मुलींबद्दलची मुलांची बोलणी आहेत, म्हणून १४ च्या पुढे. आणि हे वाचताना आई-बाबांनी दर दोन दिवसांनी "कुठपर्यंत आलं?" विचारायचं नाही, हे पुस्तक एकट्याने वाचायचं आहे.

ह्याच्या जोडीला इंग्लिशमध्ये 'हंगर गेम्स' आणि त्यातलाच २०२५ चा 'सनराइज ऑन द रीपिंग'. मूळ पुस्तकांतल्या हेमिचची त्याआधीची गोष्ट, पण मूळ पुस्तकं आधी वाचलेली बरी. मुलं मुलांना मारतात हा विषय आहे, १३ च्या आत नको. 'हार्टस्टॉपर' पण मुलं मागतात, दोन शाळकरी मुलग्यांच्या एकमेकांवरच्या प्रेमाची ग्राफिक नॉवेल. घाबरून जाऊ नका, न्यू अडल्टसारखं त्यात काही नाही, आणि तुम्ही नाही दिलंत तरी ते वर्गात फिरतंच. पहिला भाग तासाभरात वाचून होतो, आधी वाचा आणि मग ठरवा.

पायरी ६: द्यायच्या आधी स्वतः काय बघायचं

अख्खं पुस्तक वाचायला वेळ नसतो हे मान्य. पहिलं प्रकरण, बरोबर मधलं एक आणि शेवटून दुसरं, एवढं वाचा, अर्धा तास लागतो. हिंसा, सेक्स, आत्महत्या, व्यसन ह्यातलं काही आहे का ते इंग्लिश पुस्तकांसाठी कॉमन सेन्स मीडिया ह्या साइटवर मिळतं, पण ते अमेरिकन आईबापांच्या हिशोबाने लिहिलेलं असतं. शिव्यांवर ते फार बारीक नजर ठेवतात, आणि जात, हुंडा, परीक्षेचं दडपण असल्या गोष्टी त्यांच्या रडारवर कशाला असतील. आणि काही खटकलं म्हणजे लगेच बंदी असं नाही. "ह्यात अमुक आहे, वाच, मग बोलू" एवढं म्हटलं तरी पुरतं. लपवून ठेवलेलं पुस्तक मूल मित्राच्या फोनवर पीडीएफमध्ये वाचतं, मग बोलायचा प्रश्नच मिटला.

पायरी ७: आणायची कुठून

सगळी विकत घेऊ नका, मुलं पाचातली दोन अर्धी सोडतात आणि सोडू द्यावीत. गावातल्या वाचनालयात बालविभाग असतो, तिथे जाऊन अकादमीच्या यादीतली नावं कागदावर लिहून द्या आणि "ही मागवा" म्हणा. वाचनालयं दरवर्षी खरेदी करतात आणि मुलांसाठी काय घ्यावं हे सांगणारं त्यांच्याकडे कुणी येत नाही. गोव्यात असाल तर पणजीचं कृष्णदास शामा ग्रंथालय, मुलांचा विभाग छान आहे. पुण्यात पुस्तकांच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौक, आणि डिसेंबरमध्ये फर्ग्युसनला पुणे पुस्तक महोत्सव भरतो तिथे मुलालाच पैसे देऊन मोकळं सोडा. महाबळेश्वरला जाताना भिलारला थांबा, घराघरांत पुस्तकं मांडलीत, बसून वाचायची, कोणी हटकत नाही.

सिग्नलवर आणि फुटपाथवर शंभर-दीडशेला मिळणारी नवी कोरी इंग्लिश पुस्तकं पायरेटेड असतात. ओळखायचं कसं, तर कागद पातळ आणि मागच्या पानाची अक्षरं पुढे दिसतात, कव्हरवरचा शिक्का उठावदार नसून नुसता छापलेला, आणि मधली एखाद-दोन पानं तिरकी किंवा गायब. रहस्यकथेत नेमकं खुनी कळायचं पान गायब असलं की मूल परत पुस्तकाच्या वाटेला जात नाही. त्यापेक्षा जुनी खरी पुस्तकं घ्या.

फुकटात हवं असेल तर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे अंक ऑनलाइन वाचायला मिळतात, मोठमोठ्या लेखकांच्या गोष्टी त्यात पडून आहेत. आणि दिवाळीत मोठ्यांच्या अंकांबरोबर 'साधना' साप्ताहिकाचा बालकुमार अंक आणि मुलांच्या 'वयम्' मासिकाचा अंक घ्या, नवीन लेखक कोण लिहितंय हे तिथेच आधी कळतं.

पायरी ८: घरात द्यायचं कसं

एका वेळी तीन पुस्तकं ठेवा, एक सोपं, एक त्याच्या आवडीचं आणि एक तुमच्या आवडीचं, आणि तिसऱ्याबद्दल चकार शब्द काढू नका. पन्नास पानांचा नियम करा, तेवढी वाचून नाही आवडलं तर बंद, कारण द्यायची गरज नाही. तात्पर्य विचारू नका, "काय शिकलास?" तर अजिबात नको, विचारायचंच तर "सगळ्यात डोक्यात गेलेलं पात्र कुठलं?" विचारा, मग बघा कसे बोलायला लागतात. सिरीज लागली असेल तर तोडू नका, "आता जरा वेगळं वाच" हे वाक्य सिरीजच्या मध्ये कधीच म्हणायचं नाही. कानाडोळा करून तेच पुस्तक तिसऱ्यांदा वाचू द्या.

दहावीच्या वर्षात कादंबरी बंद करायची टूम निघते, क्लासवाले पण सांगतात. माझं म्हणणं, कादंबरी नको तर कथा ठेवा, वीस मिनिटांत संपणारी एक, जेवणानंतर. फेलूदा नाहीतर लंपनमधली एखादी चालते. आणि परीक्षा संपल्या त्या संध्याकाळी नवीन पुस्तक हातात असेल अशी सोय मार्चच्या आधीच करून ठेवा, कारण सुट्टी लागली की वाचनालयात चांगली पुस्तकं आधीच गेलेली असतात.